दणकून उतरवलं म्हणून पायलटला नावं ठेवू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात पहिल्या पानावर खालच्या बाजूला एक बातमी आल्ती. मुंबईहून आपल्याकडं, छत्रपती संभाजीनगरला, येणारं विमान भर पावसात धावपट्टीजवळ येऊन अचानक पुन्हा वर गेलं, प्रवाशांचा जीव टांगणीला लागला, नंतर विमान धावपट्टीवर आदळलं, बऱ्याच जणांनी पायलटवर संताप व्यक्त केला, असं सगळं. त्या विमानात मी अन आमच्या मंडळी दोघंही होतो. तिच्या डोळ्याचं दाखवायला मुंबईला गेल्तो, येतानाचं तिकीट पोरानं विमानाचं काढून दिलं. बातमीत लिहिलेलं सगळं घडलं, त्यात एक शब्द खोटा नाही, पण ती वाचून माणसाच्या मनात जे बसतं ते साफ चुकीचंय, म्हणून हे पत्र लिहायला बसलोय. जरा लांबंल, सांभाळून घ्या.

आधी मी कोण ते सांगतो. गाव अंबड तालुक्यातलं, एअर फोर्समधे वीस वर्षं काढली, मोठ्या ट्रान्सपोर्ट विमानांची चाकं, टायर, ब्रेक अन हायड्रोलिक हे माझं काम. मी पायलट नाही. पायलटनं आज वापरलेले ब्रेक उद्या सकाळी उघडून बघणारा माणूस. त्यामुळं विमान थांबतं कसं अन कधी थांबत नाही हे मी पुस्तकात कमी अन टायरवर जास्त वाचलंय.

आता त्या संध्याकाळचं. परतीचा पाऊस, बाहेर काळंकुट्ट, विमान हलत होतं. मला पंखाच्या थोडं मागं खिडकी मिळाल्ती. खाली एमआयडीसीचे लाइट दिसायला लागले, चाकं बाहेर आलेली, सगळ्यांनी मनातल्या मनात बॅगा उचलल्या, अन तेवढ्यात इंजिनचा आवाज एकदम चढला, नाक वर झालं अन आम्ही सीटला चिकटलो. पुढं एक लेकरू रडायला लागलं. मागचा माणूस मोठ्यानं म्हणला, "पायलट नवीन दिसायलाय." पाच मिनिटानं पायलटनं सांगितलं की वारा बदलला म्हणून लँडिंग सोडून दिलं, परत प्रयत्न करतो. साधारण वीस मिनिटं फिरवून दुसऱ्यांदा आलो अन ह्या वेळी दण्णकन टेकलं. लगेच पंखावरच्या फळ्या उभ्या राहिल्या, इंजिननं डरकाळी फोडली, अन मंडळीनं माझा हात एवढा दाबला की अंगठीचा वळ उठला. विमान थांबलं तेव्हा पुढं धावपट्टी चांगली शिल्लक होती. मला तेव्हाच वाटलं, वा, काय काम केलंय! अन आजूबाजूला बघतो तर लोक मोबाइल काढून व्हिडिओ करायलेत, एक जण ओरडतोय, लायसन कुठून आणलं म्हणून.

संपादक साहेब, त्या विमानात जी दोन कामं लोकांना चूक वाटली, म्हणजे वर निघून जाणं अन दणकून टेकवणं, तीच दोन कामं ओल्या धावपट्टीवर विमान थांबवायची सगळ्यात मोठी कामं हैत. ब्रेकचा पॅडल लई नंतर येतो.

थोडा हिशोब बघा. असं विमान उतरताना साधारण 60 टनाचं असतं अन स्पीड ताशी 250 किलोमीटरच्या आसपास. भरलेली बस 15 टन धरा, 80 च्या स्पीडनं. दोन्हीतली ताकद काढून बघितली तर विमानात अशा जवळजवळ 40 बसची ताकद निघते, कारण स्पीड दुप्पट झाला की ताकद चौपट होते. एवढी ताकद दोन-अडीच किलोमीटरात संपवायची, अन ती पण ओल्या डांबरावर. आपल्या चिकलठाण्याची धावपट्टी साधारण 2800 मीटर, नांदेड अन लातूरची 2300 च्या आसपास. ऐकायला लई वाटतं. पण त्या स्पीडला विमान एका सेकंदाला 70 मीटर जातं, म्हणजे क्रिकेटच्या पिचपासून बाउंड्रीपर्यंत. आता पायलटनं प्रवाशांना धक्का बसू नये म्हणून अलगद, अलगद करत चार-पाच सेकंद हवेत तरंगत ठेवलं तर 300 मीटर गेले, अन ते गेलेले मीटर कोणताच ब्रेक परत आणून देत नाही. म्हणून चाकं पहिल्या 900 मीटरात, नाहीतर धावपट्टीच्या पहिल्या एक-तृतीयांशात, ह्यातलं जे कमी असंल त्यात टेकली पाहिजेत असा नियमच आहे. नाही टेकली तर वर जायचं.

अन वाऱ्याचं. विमान शक्यतो वाऱ्याच्या तोंडावर उतरवतात. वारं फिरलं अन मागून यायला लागलं तर विमानाचा जमिनीवरचा स्पीड तेवढा वाढतो, 10 नॉट म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटरचं वारं मागून असलं तर थांबायला साधारण पाचवा हिस्सा जागा जास्त लागते. आपल्याकडच्या वादळी पावसात वारं मिनिटात फिरतं हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही, पत्रं कोणत्या बाजूनं उडंल ते शेवटपर्यंत कळत नाही. त्या दिवशी पायलटनं सांगितलं ते एवढंच होतं, वारा बदलला. हे एक वाक्य ऐकून मी निवांत झालो अन माझ्या मागचा माणूस चिडला.

माझे वडील बैलगाडी हाकायचे. गावातून शेताला जाताना मधे ओढा, त्याचा उतार काळ्या मातीचा, पाऊस झाला की साबणासारखा. ते गाडी वरच थांबवायचे, बैलांचे कासरे ओढून धरायचे, खाली उतरून पायानं माती दाबून बघायचे अन मगच गाडी उतारावर घालायचे. कधी कधी बघून माघारी पण फिरवायचे, लांबच्या रस्त्यानं जायचं. मी लहान होतो, मला कंटाळा यायचा, एकदा म्हणलं दादा कामून एवढा टाइम लावता, तर म्हणले की उतारावर गेल्यावर बैल आवरत नसतात, आवरायचे ते वरच. नंतर वीस वर्षं विमानाच्या ब्रेकवर काम केलं, तिथं पण हेच बघितलं.

आता दणक्याचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त शिव्या त्यालाच पडल्या. धावपट्टीवर पाणी असलं की टायर अन डांबर ह्यांच्यामधे पाण्याचा थर येतो. स्पीड जास्त असला तर टायरला ते पाणी बाजूला सारायला वेळ मिळत नाही अन चाक पाण्यावर तरंगतं, ह्याला हायड्रोप्लेनिंग म्हणतात. अमेरिकेच्या नासानं 1960 च्या दशकात ह्याचा एक सोपा हिशोब बसवून दिलाय, टायरमधल्या हवेचं प्रेशर पीएसआयमधे (पेट्रोल पंपावर हवा मोजतात ते माप) घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, 9 नं गुणा, जो आकडा येतो तेवढ्या नॉटला चाक तरंगायला लागतं. प्रवासी विमानाच्या टायरमधे 200 पीएसआयच्या आसपास हवा असते, वर्गमूळ 14 च्या वर, म्हणजे 127 नॉट, ताशी 235 किलोमीटर. विमान टेकतं ते त्याच्या वरच्या स्पीडला. म्हणजे पाणी साचलेलं असंल तर पहिले काही सेकंद ब्रेक दाबून उपयोग जवळपास शून्य, चाकच जमिनीला लागलेलं नाही तर थांबवणार काय. म्हणून ओल्यात विमान ठाम टेकवायचं असतं, पाण्याचा थर फोडून चाक डांबराला भिडलं पाहिजे अन गरगर फिरायला लागलं पाहिजे.

हाच हिशोब आपल्या कारला लावून बघा. टायरमधे 33 पीएसआय, वर्गमूळ पावणेसहा, गुणिले 9, साधारण 52 नॉट, म्हणजे ताशी 95 किलोमीटर. समृद्धीवर लोक भर पावसात 120 नं चालवतात! पाणी साचलेल्या तुकड्यावर त्यांची गाडी रोडवर नसतेच, पाण्यावर असते, अन ब्रेक दाबला की पुढं काय होतं ते जालना-सिंदखेडराजाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी बघितलेलंय. हे विषय सोडून झालं, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

मऊ लँडिंगचं एक खरं उदाहरण सांगतो. 14 सप्टेंबर 1993, पोलंडची राजधानी वॉर्सा, लुफ्थान्साचं एअरबस 320. पाऊस, अन वारं फिरून मागून आलेलं. विमान आधी एका बाजूच्या चाकावर टेकलं, दुसऱ्या बाजूवर पुरेसं वजन आलंच नाही, अन खाली पाणी असल्यामुळं चाकं पण नीट फिरंनात. विमानाच्या कॉम्प्युटरला वाटलं की आपण अजून हवेतच आहोत. त्यामुळं पंखावरच्या फळ्या, ज्यांना स्पॉयलर म्हणतात त्या, अन इंजिनचा रिव्हर्स, म्हणजे इंजिनची हवा पुढं ढकलून विमान रोखायची सोय, हे दोन्ही साधारण 9 सेकंद उशिरा चालू झाले. नऊ सेकंद म्हणजे किती मीटर ते वरच्या हिशोबानं काढा. विमान धावपट्टी संपून पुढच्या बांधावर गेलं, आग लागली, दोन जण गेले. चाकं दणकून टेकली असती तर कॉम्प्युटरला शंकाच राहिली नसती.

आमचं विमान टेकल्यावर मी वा म्हणलो त्याचं एक कारण म्हणजे त्या स्पॉयलरच्या फळ्या मला खिडकीतनं उभ्या दिसल्या. टेकल्यावर सुद्धा पंख विमानाला उचलत असतात, चाकावर वजनच नसतं. फळ्या उभ्या राहिल्या की पंखाची उचल मरते अन सगळं वजन चाकावर बसतं. वजन बसल्याशिवाय ब्रेक धरत नाही. रिकामी ट्रॉली जशी ब्रेक मारल्यावर उड्या मारत घसरते अन भरलेली ट्रॉली दबून थांबते तसं.

अन ती इंजिनची डरकाळी, जिला लोक घाबरले. पायलट उतरायच्या आधीच ऑटोब्रेक लावून ठेवतो, एअरबसला लो, मीडियम असं असतं, बोइंगला 1, 2, 3 अन मॅक्स असे नंबर. त्यात तो सांगतो की मला किती जोरानं थांबायचंय, अन ब्रेक आपोआप तेवढेच लागतात. कोरड्या धावपट्टीवर रिव्हर्स ओढला तर ऑटोब्रेक तेवढा ढिला पडतो, कारण ठरलेला जोर दोघात वाटून घेतला जातो, त्यामुळं ब्रेक कमी तापतात पण विमान काही लवकर थांबत नाही. ओल्यात उलटं होतं. टायरला पकडच नसते, ऑटोब्रेक मागतोय तेवढा जोर टायर देऊच शकत नाही, मग रिव्हर्सनं जे काही मिळतं ते सगळं वरचं फायद्यात. रिव्हर्सला धावपट्टी ओली का कोरडी ह्याच्याशी देणंघेणं नाही, तो हवा ढकलतो. पण त्याची ताकद स्पीड जास्त असताना असते, म्हणून टेकल्या टेकल्या ओढायचा. 8 डिसेंबर 2005 ला शिकागोच्या मिडवे विमानतळावर बर्फात साउथवेस्टचं बोइंग 737 उतरलं, पायलट दोघं नव्यानं आलेल्या ऑटोब्रेककडंच बघत राहिले अन रिव्हर्स पूर्ण चालू व्हायला 18 सेकंद लागले. विमान कुंपण तोडून बाहेरच्या रोडवर गेलं, तिथं चाललेल्या कारवर आदळलं, त्यात 6 वर्षांचं लेकरू गेलं.

विमानतळाच्या कुंपणाबाहेरचा रोड म्हणलं की आपल्या शहराला काही वेगळं सांगायला नको. 26 एप्रिल 1993 ला इथून उडालेलं विमान बीड रोडवर कापसाच्या गठाणींच्या ट्रकला धडकलं. ते विमान उडत होतं, उतरत नव्हतं, प्रकार वेगळा, पण 55 माणसं गेली अन धावपट्टी संपते तिथं काय असतं हे आपल्याला तेव्हापासून ठाऊकाय.

मिडवेनंतर अमेरिकेत ह्याच्यावर मोठं काम झालं अन त्यातूनच धावपट्टी किती निसरडी ते सांगणारा नंबर द्यायची पद्धत आली, 4 नोव्हेंबर 2021 पासून जगभर तीच लागू झाली. कोरडी असली की 6, ओली असली की 5, बर्फाचा 1, अन ओल्या बर्फाचा 0 म्हणजे उतरायचंच नाही. धावपट्टीचे तीन तुकडे धरून पायलटला तीन आकडे सांगतात, 5/5/5 नाहीतर 5/5/2 असे. आता ह्यात गंमत बघा, ओली म्हणजे 3 मिलिमीटरपर्यंत पाणी, तेव्हा नंबर 5. तीन मिलिमीटरच्या वर पाणी साचलं की नंबर एकदम 2. मधे 4 नाही, 3 नाही. तीन मिलिमीटर म्हणजे दोन नाणी एकावर एक ठेवल्यावर होती तेवढी जाडी. आपल्याकडं परतीचा पाऊस पंधरा मिनिटात काय करतो ते बघितलं तर कळंल की विमान मुंबईहून निघताना धावपट्टी 5 असते अन उतरताना 2 झालेली असू शकते. ह्याच्यासाठी नियमातच जागा धरून ठेवलेलीय, टेस्ट पायलटला कोरड्यात थांबायला 1000 मीटर लागले तर कंपनीनं विमान पाठवताना 1670 मीटर धरायचे, ओल्यात आणखी 15 टक्के, म्हणजे 1920. पण ही धरलेली जागा उशिरा टेकण्यात उडवली तर ती कुठून आणायची.

आता पाणी म्हणजे फक्त पाणी नसतं. मिरगाच्या पहिल्या पावसात जालना रोडवर मोटरसायकली पटापट पडतात, कारण वर्षभराची धूळ अन ऑइल वर येतं. धावपट्टीचं तसंच, जिथं विमानं टेकतात तिथं टायरचं रबर चिकटून काळा थर बसतो, तो ओला झाला की काचेसारखा. म्हणून तो थर जोराच्या पाण्यानं वगैरे खरवडून काढत राहावं लागतं, धावपट्टीला आडव्या खाचा असतात, मधे उंच अन दोन्हीकडं उतार असतो, पाणी थांबू नये म्हणून, आपण शेतात चर काढतो तसं.

एक टायर मला अजून आठवतो. पावसाळ्याचे दिवस, रात्री उतरलेलं विमान सकाळी माझ्याकडं आलं. टायरवर एका जागी तळहाताएवढा अंड्याच्या आकाराचा डाग, बाकी टायर ठीक. बोट लावलं तर रबर मऊ, चिकट, गुळाच्या पाकासारखं, अन जळका वास. म्हणजे चाक अडकून बसलं, फिरलंच नाही, खालचं पाणी घासून घासून वाफ झालं, त्या वाफेनं रबर शिजलं अन विमान त्या वाफेवर घसरत गेलं. आमचे वॉरंट ऑफिसर मला जीपमधे बसवून धावपट्टीवर घेऊन गेले. कोरड्यात चाक घासलं तर काळा पट्टा उमटतो. इथं पांढरा पट्टा होता, वाफेनं डांबर धुऊन काढलेलं, लांबच्या लांब, सरळ. ते म्हणले, हे बघून ठेव, ह्या पट्ट्यावर पायलट पूर्ण ताकदीनं ब्रेक दाबून बसला होता. मी त्या पट्ट्याच्या कडंनं चालत गेलो, पावलं मोजली, दीडशेच्या पुढं गेल्यावर मोजायचं सोडून दिलं. त्या दिवसापासून मला टायरचं प्रेशर बघायचा कधी कंटाळा आला नाही, कारण हवा कमी म्हणजे चाक आधी तरंगतं, ते वर्गमूळ.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. 7 ऑगस्ट 2020, केरळमधलं कोळिकोड. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं बोइंग 737, पाऊस, मागून वारं. कॅप्टन दीपक साठे, आपले मराठी, आमच्या एअर फोर्समधलेच, अनुभव दांडगा. एकदा लँडिंग सोडून ते वर गेलेच होते. दुसऱ्यांदा आले तेव्हा 8858 फुटाच्या धावपट्टीवर चाकं टेकली 4438 फुटावर, निम्मी धावपट्टी मागं गेल्यावर. त्यानंतर ब्रेक कितीही दाबले तरी काय. विमान टोकावरून खाली गेलं, 190 जणातले 21 गेले, दोघंही पायलट गेले. चौकशीत आलं की शेजारच्या पायलटनं गो-अराउंड असं सांगितलं होतं, म्हणजे सोडा, वर जाऊ, तरी लँडिंग चालू राहिलं. त्याच्या दहा वर्षं आधी, 22 मे 2010 ला मंगळूरला पण तेच, धावपट्टी तर कोरडी होती, 8033 फुटापैकी 5200 फूट गेल्यावर टेकलं, तिथं पण को-पायलट वर जाऊ म्हणत होता, अन शेवटी रिव्हर्स ओढून झाल्यावर कॅप्टननं परत उडायचा प्रयत्न केला. रिव्हर्स ओढला की थांबायचंच असतं, परतीचा रस्ता बंद. 158 माणसं गेली.

मी कॅप्टन साठेंना दोष द्यायला हे लिहीत नाही, अशा माणसाबद्दल मला आदरच आहे. मी विचार करतो तो वेगळा. एकदा वर गेलेल्या माणसाला दुसऱ्यांदा वर जाणं किती जड जात असंल. मागं एवढे लोक बसलेले, सगळ्यांना घरी जायची घाई, इंधनाचा हिशोब, ड्युटीचे तास, अन वरून हे, की उद्या पेपरात काय येईल, लोक काय म्हणतील. समजा त्या रात्री कोळिकोडला ते दुसऱ्यांदा वर गेले असते अन दुसऱ्या कुठल्या विमानतळावर जाऊन उतरले असते, तर दुसऱ्या दिवशी बातमी काय आली असती साहेब? प्रवाशांचा जीव टांगणीला, दोनदा प्रयत्न फसला, प्रवाशांचा संताप. अन 190 च्या 190 माणसं घरी बसून ती बातमी वाचत असती.

धरसोड पण लई वाईट. 23 सप्टेंबर 1999 ला बँकॉकमधे क्वांटासचं 747 मुसळधार पावसात उतरताना कॅप्टननं वर जायचं ठरवलं, अन टेकल्यावर तो निर्णय फिरवून थांबायचं ठरवलं. त्या गडबडीत ऑटोब्रेक सुटला अन रिव्हर्स ओढायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. विमान धावपट्टी सोडून गोल्फच्या मैदानाकडं गेलं, नशीब की कोणी मेलं नाही. त्यामुळं वर जायचं म्हणलं की जायचंच. आमच्या पायलटनं त्या संध्याकाळी तेच केलं, मधे कुठं अडखळलं नाही, आवाज चढला तो सरळ चढत गेला, मी ऐकत होतो.

आपल्याकडं मोठ्या माणसाला मधेच थांबवायचं म्हणजे उद्धटपणा समजतात. घरात काका गाडी चालवत असले तर पुतण्या सांगत नाही की काका हळू. कॉकपिटमधे हे चालत नाही, अन कोळिकोड अन मंगळूर दोन्ही दुर्घटनात ज्युनिअरनं सांगितलेलं ऐकलं गेलं नाही. म्हणून ज्यांनी वर जायचा निर्णय घेतला त्यांना बाहेरनं आधार पाहिजे, अन तो आधार देण्यात पेपरचा वाटा आहे असं मला मनापासून वाटतं. पुढच्या वेळेला विमान वर गेलं तर बातमी जरूर छापा, पण त्यात एक ओळ घाला की वारा किंवा पाऊस बदलल्यामुळं पायलटनं लँडिंग सोडलं, हा नियमानुसार घेतलेला निर्णय आहे. अन पत्रकारांनी विचारायचंच असंल तर विमानतळाला विचारा, की पावसाळ्याआधी धावपट्टीवरचं रबर कधी काढलं, घर्षणाची टेस्ट कधी केली, पाणी साचतं का, त्या वेळेला धावपट्टीचा नंबर काय होता. प्रवाशाला माइक देऊन किती घाबरलात विचारण्यापेक्षा ह्याची उत्तरं छापली तर लोकांच्या कामाची होतील. ती उत्तरं वाचायला मी पहिला बसंल.

तो व्हिडिओ आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर पण आला. मी खाली लिहिलं की मी त्याच विमानात होतो अन लँडिंग एक नंबर होतं. शेजारचा पोरगा, इंजिनिअरिंग करतो, घरी आला, म्हणला, "काका, खरंच का? सगळे तर म्हणायलेत थोडक्यात वाचले." त्याला अर्धा तास बसवून वहीवर वर्गमूळ काढून दाखवलं, त्याच्या आईनं दोनदा चहा पाठवला. जाताना म्हणला, "काका, हे पेपरला लिहा की." म्हणून लिहिलं.

अजून एक राहिलं. उतरताना कॉकपिटचं दार उघडं होतं. उजव्या सीटवर एक पोरगी बसल्ती, आमच्या नातीपेक्षा आठ-दहा वर्षानं मोठी असंल, मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहीत होती. माझ्या पुढचा माणूस जाता जाता तिला ऐकू जाईल असं बोलला, ते इथं लिहीत नाही. तिनं मान वर केली नाही, पेन मात्र थांबला. मागनं लोक ढकलायला लागले, मंडळीच्या डोळ्याला पट्टी, मला तिला धरून उतरवायचं होतं, मी काहीच बोललो नाही अन खाली आलो. ओल्या काँक्रीटवर उभं राहून वर बघितलं तर खिडकीवर पाणी ओघळत होतं, आतलं काही दिसंना.

हे पत्र छापलं अन तिच्यापर्यंत पोचलं तर तिला एवढंच कळू द्या की त्या दिवशी पंखामागच्या खिडकीत ब्रेकवर वीस वर्षं काम केलेला एक म्हातारा बसला होता अन त्याला वर जाणं पण पटलं, दणका पण पटला. मॅडम, धन्यवाद. तुमच्या कॅप्टनला पण सांगा.

आपला,
एक माजी वायुसैनिक
मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर